ऑफिसच्या ईपीएबीएक्सवरून रात्री परदेशी कॉल जातायत? या चुका टाळा

शनिवारी रात्री आठला ऑफिस बंद होतं, सोमवारी सकाळी नऊला उघडतं. मधे ३७ तास. एका पीआरआय लाइनवर (ऑफिसांना मिळणारी डिजिटल टेलिफोन लाइन) एकाच वेळी ३० कॉल चालतात, म्हणजे ६६,६०० मिनिटं. ईपीएबीएक्समध्ये, म्हणजे ऑफिसचे फोन बाहेरच्या लाइनशी जोडणाऱ्या पेटीत, घुसणाऱ्याला हीच मिनिटं हवी असतात. परदेशातल्या काही महागड्या नंबरांवर येणाऱ्या दर मिनिटामागे त्याला वाटा मिळतो, म्हणून तो तुमच्या सिस्टिमला रात्रभर क्युबा, सोमालिया, लाटविया असे कॉल लावायला लावतो. तुमच्या बोलण्यात त्याला काडीचा रस नसतो. टेलिकॉम कंपनीच्या लेखी कॉल तुमच्याच ट्रंकवरून, म्हणजे बाहेरच्या लाइनवरून, गेलेले असतात, त्यामुळे बिलही तुमच्याच नावावर येतं.

हे घडतं त्याचं मूळ बहुतेक ठिकाणी एकच. ती पेटी कोणाची, हे ठरलेलं नसतं. आयटीवाले म्हणतात ॲडमिनचं काम, ॲडमिन म्हणतं एएमसीवाला (वार्षिक देखभालीचा कंत्राटदार) बघतो, आणि एएमसीवाला फोन बंद पडल्याशिवाय येत नाही. आधी एका माणसाचं नाव ठरवा. पुढचं सगळं त्याच्यासाठी.

आयएसडी उगाच चालू

बहुतेक ऑफिसांना परदेशी कॉल लागतच नाहीत. एक्स्पोर्टवालेही हल्ली व्हॉट्सॲपवर बोलतात. तरी कनेक्शन घेताना चालू झालेलं आयएसडी तसंच राहतं. ‘ईपीएबीएक्समध्ये बार केलंय’, म्हणजे असे कॉल अडवलेत, यावर निर्धास्त राहू नका, कारण ॲडमिन पासवर्ड हाती आला की ते बारिंग काढायला मिनिटही लागत नाही. टेलिकॉम कंपनीला लेखी कळवून त्यांच्या बाजूनेच बंद करून घ्या. हवंच असेल तर व्यवहार असलेले देश तेवढेच, एका वेळी एक-दोन कॉल आणि दिवसाच्या रकमेला मर्यादा, असं मागून बघा.

सिस्टिममध्ये बार करताना फक्त ००ने सुरू होणारे नंबर अडवले जातात आणि + राहून जातो. बऱ्याच सिप ट्रंकवर (इंटरनेटवरून चालणाऱ्या लाइनवर) +५३ असा क्युबाचा नंबरही सरळ बाहेर जातो. दोन्ही अडवा.

सिस्टिम थेट इंटरनेटवर

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. साहेबांना घरून एक्स्टेंशन हवं म्हणून कोणीतरी राउटरवर ५०६० पोर्ट (सिप कॉलचं नेहमीचं दार) फॉरवर्ड करतो, म्हणजे बाहेरच्यांसाठी उघडतो, आणि विसरतो. नंतर लॉग उघडून बघा. अनोळखी आयपीवरून एक्स्टेंशन १००, मग १०१, मग १०२, सेकंदाला कित्येक प्रयत्न, आणि पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी चक्क ‘फ्रेंडली-स्कॅनर’. सिपव्हिशस नावाच्या तपासणीच्या साधनाची ही मूळ सही. चोर तेच साधन वापरतात आणि सही बदलायचेही कष्ट घेत नाहीत! एखादं एक्स्टेंशन सापडलं की रात्री दोनच्या सुमारास चाचणीचे कॉल सुरू: एकच परदेशी नंबर, त्याच्यापुढे कधी ००, कधी ९००, कधी ०००. बाहेरची लाइन कोणत्या आकड्याने मिळते ते तो चाचपतोय.

पोर्ट बदलून ५०६०चा ५०९० केल्याने लॉगमधला कचरा कमी होतो, दार बंद होत नाही. बाहेरच्या फोनसाठी व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित खासगी मार्ग) द्या आणि फायरवॉलमध्ये सिप फक्त ट्रंक देणाऱ्या कंपनीच्या आयपीवरून येऊ द्या. ‘फक्त भारतातले आयपी’ हा नियम वाईट नाही, पण भारतातला क्लाउड सर्व्हर कोणीही भाड्याने घेऊ शकतो. वारंवार चुकीचा पासवर्ड देणाऱ्या आयपीला अडवणारं फेल२बॅन जरूर लावा. मात्र शंभर आयपीवरून सावकाश येणाऱ्याला ते पकडत नाही.

ॲडमिनचं वेबपान तर बाहेरून दिसताच कामा नये. ऑगस्ट २०२५ मध्ये फ्रीपीबीएक्स या टेलिफोन सिस्टिमच्या सॉफ्टवेअरच्या एंडपॉइंट मॉड्यूलमधल्या त्रुटीतून हल्लेखोर लॉगिन न करताच आत शिरले, तेही ज्यांचं हे पान इंटरनेटवर उघडं होतं अशा सिस्टिममध्ये. पासवर्ड कितीही कठीण असला तरी तिथे त्याचा उपयोग नव्हता.

एक्स्टेंशन २०१, पासवर्ड २०१

यावर फार बोलायची गरज नाही. सिप पासवर्ड माणसाला लक्षात ठेवायचा नसतो, फोनमध्ये एकदाच भरायचा असतो. मग वीस अक्षरी, यादृच्छिक ठेवायला काय हरकत आहे?

कमी लोकांच्या लक्षात येणारी गोष्ट ऑटो प्रोव्हिजनिंगची. फोन सुरू होताना आपली फाइल सर्व्हरवरून ओढतो. फाइलचं नाव म्हणजे बऱ्याचदा फोनचा मॅक ॲड्रेस (प्रत्येक उपकरणाचा ओळख क्रमांक) आणि आत तोच पासवर्ड. मॅकचा पहिला अर्धा भाग कंपनीवरून ठरतो, म्हणजे अंदाज उरलेल्या अर्ध्याचाच. फाइल पाठवायची टीएफटीपी ही पद्धत असेल तर तिला पासवर्डच नसतो. हे फक्त ऑफिसच्या लॅनमध्ये ठेवा.

‘आमची सिस्टिम जुनी आहे, इंटरनेटच नाही’

जुन्या पेटीलाही दारं असतात. बाहेरून फोन केल्यावर ‘एक्स्टेंशन नंबर डायल करा’ असं सांगणारी डीसाची सोय चुकीची सेट असेल, तर कॉल करणारा तिथेच ९ दाबून बाहेरची लाइन घेतो. व्हॉइसमेलचा पिन १२३४ असेल तर तिथून कॉल फॉरवर्ड लावता येतो का, हे एकदा स्वतः बाहेरून फोन करून तपासा. मेंटेनन्ससाठी जोडलेला मोडेम, एएमसीवाल्याने ठेवलेला फॅक्टरी पासवर्ड, हेही बघा.

रिसेप्शनवरच्या ताईंना सांगून ठेवा: ‘टेलिफोन कंपनीतून बोलतोय, लाइन टेस्टिंग आहे, मला ९वर ट्रान्सफर करा’ असा फोन आला तर ठेवून द्यायचा. मोबाइलवर *४०१# वापरून कॉल फॉरवर्ड करायला लावणारी टोळी याच जातीची. दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून ती यूएसएसडी (मोबाइलवर * आणि #चे कोड डायल करायची) सोय थांबवायला सांगितली.

घुसलेत असं वाटलं तर

सकाळी सगळ्या लाइन्स बिझी, ग्राहक म्हणतात फोन लागत नाही, सीडीआरमध्ये (कॉलच्या नोंदींमध्ये) रात्रीचे कॉल: अशा वेळी पहिला हात रीस्टार्टच्या बटणाकडे जातो. थांबा. काही सिस्टिममध्ये रीस्टार्टने लॉग पुसले जातात. आधी ट्रंकची वायर काढा किंवा टेलिकॉम कंपनीकडून आयएसडी तातडीने बंद करून घ्या. मग सीडीआर आणि लॉग पेनड्राइव्हवर उतरवा. सायबर गुन्ह्यांच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार असा अनधिकृत प्रवेश लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला कळवणं आणि लॉग १८० दिवस जपणं कंपन्यांना बंधनकारक आहे.

त्यानंतर सगळे पासवर्ड बदला आणि कॉल फॉरवर्ड, नवे ॲडमिन युजर, ओळखीची नसलेली एक्स्टेंशन्स एकेक करून तपासा. आयपी सिस्टिम असेल तर सर्व्हर नव्याने इन्स्टॉल केलेला बरा. गेल्या आठवड्याचा बॅकअप मात्र घाईने चढवू नका. चोर त्याआधीच आत आला असेल तर बॅकअपमधून तोही परत येतो, म्हणून आधी सीडीआरमध्ये पहिला चाचणीचा कॉल कोणत्या तारखेचा आहे ते शोधा.