सोयाबीन नीट उगवत नाही? बीजप्रक्रियेतल्या या चुका टाळा

जून संपत आला की तीच तक्रार, पेरलं पण उगवलंच नाही, आणि मग बियाण्याच्या नावाने खडे फोडणं सुरू. बियाणं खराब निघतंही, पण कितीदा तरी पेरणीआधी औषध लावताना, म्हणजे बीजप्रक्रियेतच, चांगलं बियाणं घमेल्यात मरतं हो!

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जास्त पाणी घालून जोरात चोळणं. सोयाबीनचं टरफल एकदम पातळ, कोंबही टरफलाला लागूनच असतो, त्यामुळे गव्हासारखं रगडून चालत नाही. ओलं झालं की काही मिनिटांत टरफलाला सुरकुत्या पडतात आणि त्यावर हात फिरवला की साल सुटून दाण्याची सरळ डाळ होते, ती काय उगवणार? ताडपत्रीवर पसरा, औषध थोडं थोडं टाका, दोघांनी टोकं धरून हळू खालीवर करा. बीजप्रक्रियेचा फिरता ड्रम असेल तर उत्तमच.

दुसरं, क्रम. आधी बुरशीनाशक (कार्बोक्सिन अधिक थायरम, किलोला 3 ग्रॅम), मग खोडमाशीसाठी (खोड पोखरणारी कीड) थायामेथोक्झाम 30 एफएस हे बियाण्याला लावायचं पातळ कीटकनाशक, किलोला 10 मिली, आणि रायझोबियम (मुळांवर गाठी करून पिकाला नत्र देणारं जिवाणू खत) सगळ्यात शेवटी, 10 किलोला 250 ग्रॅम, तेही पेरायच्या थोडं आधी. सगळं एकत्र कालवलं की जिवाणू मरतात. वाळवायचं सावलीतच. रायझोबियमचं पाकीट सोयाबीनचंच घ्या, हरभऱ्याचं चालत नाही. आणि पिशवीतलं बियाणं आधीच रंगीत, म्हणजे औषध लावलेलं असेल तर लेबल वाचा, तेच औषध परत चोळू नका.

औषध लावून मेलेलं बी जिवंत होत नाही, म्हणून आधी 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघाच. 70 च्या खाली आली तर बियाणं वाढवा, फारच कमी असेल तर ते पेरूच नका.

एवढं करूनही उगवलं नाही तर ओळ उकरून बघा. दाणा कोरडाच असेल तर ओल कमी पडली, 75 ते 100 मिमी पाऊस व्हायच्या आधी पेरणीची घाई झाली. फुगून कुजलाय, बुरशी आलीय, तर पाणी साचलं किंवा औषध नीट लागलं नाही. कोंब वाकडा होऊन मातीखाली अडकला असेल तर एकतर 3-4 सेंमीपेक्षा खोल पडलाय, नाहीतर वरची माती वाळून कडक खपली धरलीय, आणि खपली असेल तर तुषार सिंचनाने हलकं पाणी द्या, कोंब तुटायच्या आत दिलं तर बरीच रोपं वर येतात.