डॉगरलँडवर गोष्ट लिहायची असेल तर

माझं माहेर अलिबागच्या खारेपाटात. आमच्या घरात दिवस मोजले जायचे ते उधाण आणि भांग, म्हणजे मोठी आणि लहान भरती, यांवर. अमावास्या-पुनवेच्या भरतीला बाबा रात्री कंदील घेऊन बाहेरकाठ्यावर, म्हणजे समुद्राकडच्या बांधावर, जायचे आणि वाकून वाकून खेकड्यांची बिळं शोधायचे. बांध लाटेनं फुटतो असं बाहेरच्यांना वाटतं. आमचा बांध बिळातून फुटायचा. संध्याकाळी बोटाएवढी धार, पहाटेपर्यंत खांड, म्हणजे बांधाला भगदाड, आणि मग खारं पाणी शिरलेल्या त्या शेतात पुढची दोन-तीन वर्षं भाताचं नाव नको.

म्हणून ब्रिटन आणि युरोप यांच्यामधल्या बुडालेल्या भूमीबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ती माणसं परकी वाटलीच नाहीत. तिथे इतिहास वेगळा घडला असता तर, अशा कल्पनेवर मी दोन कथा लिहिल्या. पहिली फसली. कुणाला या विषयावर लिहायचं असेल तर त्या फसलेल्या कथेतून मला जे कळलं ते उपयोगी पडेल.

आधी जमीन ओळखीची करून घ्या. १९३१ साली ‘कोलिंडा’ नावाच्या ट्रॉलरच्या जाळ्यात नॉरफोकच्या किनाऱ्यापासून बऱ्याच आत, उत्तर समुद्रात, पीटचा एक गोळा आला. पीट म्हणजे दलदलीत साचून दबलेल्या वनस्पतींचा काळा थर. गोळा फुटला तेव्हा आत हरणाच्या शिंगाचं, दाते कोरलेलं भाल्याचं टोक निघालं, साधारण वीतभर लांब. भर समुद्राखाली दलदल होती आणि दलदलीत शिकारी होते, याचा तो पुरावा ठरला. ब्रायोनी कोल्स या पुरातत्त्वज्ञ बाईंनी १९९८ मध्ये या प्रदेशाला डॉगर बँक या उथळ भागावरून डॉगरलँड हे नाव दिलं. पुढे पुरातत्त्वज्ञ व्हिन्स गॅफनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेल कंपन्यांनी तेलशोधासाठी समुद्रतळात कृत्रिम कंपनलहरी सोडून गोळा केलेल्या नोंदी वापरून समुद्रतळाच्या हजारो चौरस किलोमीटरचा नकाशा काढला. त्यात नद्या दिसतात, तळी दिसतात, जुना किनारा दिसतो.

हा नकाशा समोर ठेवा आणि त्यातली एकच नदी घ्या. फार तर तिचं मुख आणि दोन वळणं. माझ्या पहिल्या कथेत अख्खं डॉगरलँड होतं, सात टोळ्या होत्या, आणि एकाही माणसाच्या पायाला चिखल लागलेला नव्हता.

मग काळ ठरवा. मी सुमारे १०,००० वर्षांपूर्वीचा काळ घेतला. तेव्हा जमीन भरपूर शिल्लक होती, हिमयुगाचा बर्फ वितळत होता आणि समुद्र शंभर वर्षांत साधारण एक मीटर चढत होता. आता कागद-पेन्सिल घेऊन बसा, कारण या आकड्यावर सगळी कथा उभी राहते. शंभर वर्षांत एक मीटर म्हणजे वर्षाला एक सेंटिमीटर. तेवढं डोळ्यांना दिसत नाही. पण जमीन सपाट आहे. मी उतार हजाराला एक धरला, म्हणजे पाणी एक मीटर चढलं की एक किलोमीटर आत येतं. पंचवीस वर्षांत पाव किलोमीटर. आई जिथे खेळली ती जागा ओहोटीलाच उघडी पडते, आणि आजीची चूल जिथे होती तिथे आता सील पोहतात. तुमच्या पात्रांना समुद्र वाढतोय हे कळतं ते असं, म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यातून. शिवाय पाणी दिसण्याआधी खार येतो. झऱ्याची चव बदलते, भरती ओढ्यात पूर्वीपेक्षा वर चढते, काठची झाडं उभ्या उभ्या वाळतात. आमच्याकडेही खांड पडलेल्या शेतात हेच होतं. कथेची सुरुवात मी वाळलेल्या बर्चपासून केली आणि ती जमली.

नॉर्वेजवळ समुद्रतळाचा प्रचंड कडा घसरून जी महालाट उसळली, स्टोरेगाची, तिचा मोह होईल. इ.स.पू. ६२०० च्या सुमारास ती आली आणि शेटलंड बेटांवर वीस मीटरांहून उंच चढली. तिच्यावर जरूर लिहा, पण वेगळ्या कथेत. तोवर डॉगरलँडचा बहुतेक भाग आधीच पाण्याखाली गेला होता. लाट आणली की माणसांना करण्यासारखं काही उरत नाही, आणि पर्यायी इतिहासाला माणसांनी केलेली एखादी गोष्ट लागते.

आता फाटा, म्हणजे इतिहास जिथे वेगळ्या वाटेनं जातो ती जागा. माझ्या पहिल्या कथेत एका शूर पुढाऱ्यानं किनाऱ्यावर मोठी भिंत घातली आणि देश वाचला. खारेपाटातल्या मुलीनं असं लिहावं याचं मला आजही वाईट वाटतं. बांध घालणं हे दोन-चार हंगामांचं काम. तो राखणं हे कायमचं. आमच्याकडे घरटी एक माणूस बांधावर जायचा, भात कापणीला आलेलं असो की घरात लग्न असो. ज्या वर्षी गावात भांडण झालं आणि निम्मी घरं आली नाहीत, त्या वर्षी खांड पडली.

प्रत्यक्ष पुरावाही हेच सांगतो. इस्रायलच्या कार्मेल किनाऱ्यावर तेल हरेझ इथे सुमारे ७,००० वर्षांपूर्वीच्या गावकऱ्यांनी समुद्राच्या बाजूला शंभर मीटरांहून लांब दगडी भिंत रचली होती. त्यासाठी मोठाले दगड दूरच्या नदीपात्रांतून आणले होते. हे संशोधन २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. समुद्र चढतच राहिला, गाव सोडावं लागलं, आणि भिंत आज पाण्याखाली आहे. तेव्हा भिंत सुचणं हा फाटा धरू नका. अश्मयुगातल्या माणसांना ती खरोखर सुचली होती. पिढ्यानपिढ्या बांधावर येण्याचा रिवाज कसा पडला, तो कशानं टिकला, न येणाऱ्याचं काय करायचं हे कुणी ठरवलं, ते तुम्हाला रचायचं आहे. फिरस्ते शिकारी एका जागी का बांधले जातील, याचं उत्तरही त्यातच शोधावं लागतं. माझ्या दुसऱ्या कथेत गोड्या पाण्याचं एकच तळं आहे, त्यात ईल मासे आहेत, आणि तळ्याच्या तोंडाशी मातीचा लहानसा बांध आहे.

हे तंत्र त्यांना कुठून मिळालं? मी बीव्हरकडून घेतलं. सपाट शेपटीचा हा प्राणी दातांनी झाडं पाडून ओढ्याला बांध घालतो. यॉर्कशायरमधल्या स्टार कार या मध्याश्मयुगीन जागी त्याची हाडं सापडली आहेत, म्हणजे माणसं त्याला रोज पाहत होती. कूड विणणं तर त्या काळच्या माणसांना येतच होतं. डब्लिनला सुमारे ८,००० वर्षांपूर्वीचे, हेझलच्या काठ्या विणून केलेले मासे पकडायचे सापळे चिखलात टिकून राहिलेत. खुंट, कूड, चिखल: आमच्या आजोबांचा बांधही याहून फार वेगळा नव्हता.

काय नव्हतं याची यादी लिहिण्याच्या जागी चिकटवून ठेवा. धान्य नाही, गाय-शेळी नाही, लोकर नाही, विणलेलं कापड नाही, धातू नाही, चाक नाही. कुत्रा आहे. हेझल नट आहेत, आणि भरपूर आहेत. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हॉविकला सापडलेल्या गोल घरात, जवळजवळ १०,००० वर्षांपूर्वीच्या, भाजलेल्या हेझलच्या टरफलांचा खच होता. माणसं गोरी रंगवू नका. चेडर मॅन या त्याच सुमाराच्या सांगाड्याच्या डीएनएवरून २०१८ मध्ये काढलेला निष्कर्ष असा, की त्याची त्वचा बहुधा काळसर आणि डोळे फिकट होते. पाऊसही आपल्यासारखा चार महिन्यांचा नाही, तो वर्षभर झिमझिमतो. हिवाळ्यात उजेड जेमतेम सात तास, उन्हाळ्यात सतरा. रात्री बांध राखणाऱ्याच्या दृष्टीनं हा फरक केवढा मोठा आहे, याचा विचार करा.

सगळ्यात जास्त वेळ मात्र माझा भाषेनं खाल्ला. मराठी शेतकऱ्याची भाषा आहे. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं, ‘तिच्या पदरी निराशा आली.’ पदर कुठला? ‘लोण्यासारखं मन’ लिहिलं, पण दूध देणारं जनावर कुणी पाळलेलं नव्हतं. संशय पेरला जात होता, संसाराचा गाडा चालत होता, मनगटं पोलादी होती. निवेदनातही हे शब्द मी ठेवले नाहीत, कारण निवेदन पात्रांच्या डोळ्यांनी चाललं होतं. दोन आठवडे नुसती छाटणी केली. उरलं ते शरीर, पाणी, दगड, हाड, आग, जनावर. आणि त्यातलं मराठी फार सशक्त निघालं: तोंडचं पाणी पळालं, हाडाची काडं झाली, दगडावरची रेघ. ‘पायाखालची वाळू सरकली’ हे वाक्य तर मी घटना म्हणूनच लिहिलं.

संवादात ‘अहो-जाहो’ ठेवलं नाही. आमच्या घरी आजोबांनाही ‘तू’च म्हणत आणि त्यात मान कमी नव्हता. नावं संस्कृत वळणाची नकोत. माझ्याकडे साल, रेव, शेवाळ अशी माणसं आहेत, आणि सर्वांत म्हातारीला सगळे थोरली म्हणतात. नेदरलँड्सच्या किनाऱ्यावर मिळालेल्या हाडांच्या टोकांपैकी दहांची तपासणी झाली, तेव्हा त्यातली दोन माणसाच्या हाडाची निघाली. थोरली मेल्यावर तिच्या हाडाचं टोक साल घडवते, हा प्रसंग तिथून आला. अशा प्रसंगाला स्पष्टीकरण जोडू नका. त्यांना ते साधं वाटतं, तसंच लिहा.

कथा झाली की पाण्याशी काम केलेल्या एखाद्या माणसाला ती वाचून दाखवा. मी धाकट्या काकांना दाखवली. बांध घातला जातो तिथवर ते डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, “आणि पावसाचं पाणी जाणार कुठनं गो? उघाडी कुठाय?”

उघाडी मी विसरलेच होते. बांध समुद्र अडवतो तसा आतलं पाणीही अडवतो. ओहोटीला तोंड उघडून ते सोडलं नाही, तर तळं वर चढून बांध आतून फोडतं. नेदरलँड्समध्ये व्लार्डिंगेनला पोकळ खोडाच्या, झडप बसवलेल्या मोऱ्या सापडल्या आहेत, पण त्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या. खोड पोकरणं मात्र माझ्या माणसांना येत होतं. पेसे इथे १९५५ मध्ये मिळालेली, पाइनच्या एका खोडातून कोरलेली तीन मीटरांची होडी त्यांच्याच काळातली आहे. मी तशी एक जुनी, फुटकी होडी घेतली, दुसरं खोड तिच्यावर पालथं बांधलं, ती बांधाखाली गाडली आणि समुद्राकडच्या तोंडाला लाकडी फळी टांगली. भरतीनं फळी दाबून बसते. ओहोटीला ती गाळात रुतते आणि कुणीतरी जाऊन हातानं सोडवावी लागते, दिवसातून दोनदा, रात्रीसुद्धा. त्या कामाला मी शेवाळ नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीला लावलं, आणि कथा पहिल्या ओळीपासून पुन्हा तिच्या बाजूनं लिहायला घेतली.