डोळ्यांनी न दिसणाऱ्यांना समोरचा अडथळा कळवणारा थरथरणारा पट्टा मनगटावर बांधला, आता चालायचं कसं?
पहिली गोष्ट, पांढरी काठी सोडायची नाही. पट्ट्यातला सेन्सर अल्ट्रासाउंड (कानाला ऐकू न येणारा आवाज) सोडतो, तो समोरच्या वस्तूवर आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरनं अंतर काढतो आणि थरथरतो, जवळ आलं की जोरात, पण ते समोरचं झालं, पायाखालचा खड्डा नाहीतर उतरती पायरी त्याला कळत नाही, ते काठीचंच काम. उलट काठीला न लागणारी लोंबती फांदी, उघडी खिडकी हे तो पकडतो, कपाळाला टेंगूळ आलेल्या माणसाला विचारा त्याची किंमत.

सुरुवात घरात करा. भिंतीकडं हळूहळू जा, थरथर सुरू झाली की थांबा, हात लांब करून बघा भिंत किती लांब आहे. दहा-बारा वेळा केलं की अंदाज बसतो. मग दार, मग पडदा (जाड कापड आवाज शोषून घेतं, सेन्सर गप्प बसू शकतो, मी असाच एका पडद्यात शिरलोय).

रस्ता सांगायला फोनचं जीपीएस लावणार असाल तर कान बंद करणारे इअरफोन नकोच, बोन कंडक्शनवाले घ्या, आवाज हाडातनं जातो आणि कान गाड्यांसाठी मोकळे राहतात. मोकळ्या आभाळाखाली पण जीपीएस 5 मीटर इकडंतिकडं होतं, उंच बिल्डिंगांमध्ये अजून जास्त, त्यामुळं ते "पोहोचलात" म्हणालं तरी दार आपणच शोधायचं. रस्ता क्रॉस करताना तर त्याचं ऐकूच नका, ट्रॅफिकचं ऐका.

आणि हो, चार्जिंग रात्रीच लावून ठेवा.