'मोदक' फॉन्टमध्ये मुलांच्या स्पर्धेचं पोस्टर कसं करावं

गणेशोत्सवातल्या चित्रकला स्पर्धेचं पोस्टर करायचं असेल, तर मथळ्यासाठी 'मोदक' वापरून पाहा. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचा हा फॉन्ट हातानं रेखाटलेल्या अक्षरांतून घडला. अक्षरं इतकी गुबगुबीत, की त्यांच्या पोटातली मोकळी जागा बारीक फटींपुरतीच उरते. मौज त्या फटींतच आहे, आणि सांभाळायचंही त्यांनाच.

१. गूगल फॉन्ट्सवरून 'मोदक' उतरवून घ्या. विंडोजवर झिप उघडून फॉन्टच्या फाइलवर राइट क्लिक, मग 'इन्स्टॉल'. फॉन्ट फुकट आहे आणि त्याच्या खुल्या परवान्यामुळे विक्रीच्या टी-शर्टवरही चालतो. नुसता फॉन्ट मात्र विकता येत नाही.

२. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा, म्हणजे मोबाइलवर मराठी लिहिताना वापरतो त्या पद्धतीत. मागच्या वर्षीचा श्रीलिपीतला (जुन्या, युनिकोड नसलेल्या पद्धतीतला) मजकूर तसाच चिकटवलात तर काहीतरी अगम्य उमटेल. तो आधी युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढा. 'चित्रकला'तली वेलांटी भलतीकडे गेली किंवा 'स्पर्धा'तला रफार सुटा पडला, तर फॉन्टला दोष देऊ नका. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेसमधल्या 'टाइप' विभागात जाऊन भारतीय लिप्यांची सोय चालू करावी लागते. इंकस्केप हे चित्रं-पोस्टरं करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि तिथे ही कटकट सहसा नसते.

३. आता खरं काम: शब्द कमी करा. 'चित्रकला स्पर्धा', बस्स. 'यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ आयोजित भव्य आंतरशालेय' वगैरे शेपूट 'मोदक'मध्ये लावलं, तर वाचणारा दुसऱ्या शब्दालाच दमेल. अध्यक्षांची नावं, तारीख, वेळ, वयोगट हे सगळं 'मुक्ता'त टाका. तोही 'एक टाइप'चाच, पण सरळ, शांत आणि ७ जाड्यांमध्ये मिळणारा. 'मोदक'ची जाडी एकच.

४. मथळा पानाच्या रुंदीभर जाऊ द्या. लहान आकारात फटी बुजतात आणि 'ध' की 'घ' हे कळेनासं होतं. अक्षराला किनार द्यायचीच असेल तर फक्त बाहेरच्या कडेला द्या, फटींच्या कडेला दिलीत की फटी गेल्याच. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. दोन ओळी असतील तर खालच्या ओळीची वेलांटी वरच्या उकारात घुसत नाही ना, तेवढं बघा. रंग एकच आणि सपाट. फ्लेक्सवर हमखास दिसणारी सोनेरी छटा आणि काळी सावली इथे अजिबात नको. या अक्षरांना मुळातच अंग आहे.

सोसायटीत मराठीबरोबर गुजराती किंवा तमिळ मथळाही हवा असेल, तर 'मोदक' सोडून त्याच मंडळींचा 'बालू २' घ्या. तोही गोलमटोल, पण ५ जाड्यांचा आणि अनेक भारतीय लिप्यांत असलेला. गुजरातीत तो 'भाई', तमिळमध्ये 'थंबी', गुरुमुखीत 'पाजी' होतो. जरा लहान आकारातही तो तग धरतो.

५. छापायला देण्याआधी शुद्धलेखन दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. मग फाइलची एक प्रत जशीच्या तशी ठेवून दुसरीतली अक्षरं कर्व्ह करा (अक्षरांचं रेषांच्या आकृतीत रूपांतर करा), म्हणजे छापणाऱ्याकडे फॉन्ट नसला तरी अडणार नाही. कर्व्ह केलेल्या प्रतीत तारीख बदलता येत नाही, आणि मंडळाची तारीख बदलतेच.