नवा हेडफोन यायच्या आधी
बंद कपांचा हेडफोन मागवलाय आणि पार्सल अजून सांगलीच्या वाटेवर आहे? तोवर जुन्यावरच ओळखीचं एखादं रेकॉर्डिंग नीट ऐकून ठेवा. मी मिरजेच्या तानपुऱ्याचं लावतो. खर्जाची (सगळ्यात खालच्या सुराची) तार आणि जवारीची (तार खालच्या पट्टीला घासून उठणारी) झणझण, दोन्ही एकाच वाद्यात सापडतात. नवा आला की आवाज जुन्याइतकाच ठेवा, कारण जरा मोठं वाजलं की कानाला ते उगाच चांगलं वाटतं. खर्ज पोकळ वाटला तर लगेच परत पाठवू नका. चष्म्याची काडी किंवा केस कपाच्या गादीखाली आले की फट पडते आणि बास, म्हणजे खालचा आवाज, तिथूनच गळतो. कप हाताने हलके दाबून पाहा; खर्ज भरला तर दोष बसवण्यातला. उन्हाळ्यात कान घामेजतात, ते मात्र सोसायचं.