सामूहिक वनहक्काचा नकाशा गावानं स्वतः कसा करायचा

गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या ग्रामसभांसोबत मी नकाशाचं काम करते. सामूहिक वनहक्क म्हणजे वनहक्क कायद्यानं गावाच्या जंगलावर ग्रामसभेला मिळणारा हक्क; त्याच्या दाव्यासाठीचा हा नकाशा. दर हिवाळ्यात कुणाचा तरी फोन येतो, "ताई, लॅपटॉप घेऊन या, जंगलाचा नकाशा काढून द्या." मी विचारते, शीव कोण दाखवणार? तिकडून आवाज बंद. म्हणून एकदाचं लिहून ठेवते.

आधी कागद. आमच्या भागात निस्तार पत्रक सगळ्यात मोलाचं. सरपण, बांबू, चराई गावाला कुठल्या जंगलातून मिळायची, हे त्यात सापडतं. भूमी अभिलेख कार्यालयातून गावाचा नकाशा आणि वनविभागाकडून कक्ष क्रमांकांचा (जंगलाच्या क्रमांक दिलेल्या तुकड्यांचा) नकाशा मागा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. जुनी टोपोशीट (सर्वेक्षण विभागाचा छापील नकाशा) मिळाली तर नाले-पहाड्या ओळखायला बरी पडते, पण तिच्यावरचे अक्षांश-रेखांश तसेच मोबाइलमध्ये टाकू नका. त्या शीट एव्हरेस्ट या पृथ्वीच्या जुन्या मापनावर बेतलेल्या आहेत आणि मोबाइल चालतो डब्ल्यूजीएस ८४ या नव्या मापनावर. आमच्याकडं दोन्हींत शंभर मीटरहून जास्त फरक पडतो. तेवढ्यात एक अख्खी बोडी (छोटं तळं) शेजारच्या गावाच्या नावावर जाते.

मग नकाशा काढा, पण जमिनीवर. समाजमंदिरापुढच्या अंगणात राखेनं नाला ओढायचा, दगड ठेवून पहाडी करायची. बाया-माणसांना वेगवेगळं बसवा. पुरुष शीव आणि बांबू दाखवतात. मोहाची झाडं, उन्हाळ्यातही न आटणारे झरे, कंदाच्या जागा बायकांच्या नकाशात येतात. दोन्हींचे फोटो काढा आणि आलेली नावं तशीच, गोंडीत, लिहून घ्या. मराठी करत बसू नका. पुढं बीटगार्डही (वनरक्षकही) तीच नावं वापरतो.

शीव चालायला डिसेंबर ते फेब्रुवारी बरा. पावसाळ्यात नाले अडवतात आणि दाट पानांखाली जीपीएस चुकतो. उघड्यावर चूक तीन ते पाच मीटर असते, गर्द झाडीत दहाच्याही पुढं जाते. सोबत दोन-तीन जाणते म्हातारे, ग्रामसभेची वनहक्क समिती आणि शेजारच्या गावाची माणसं हवीतच. शेजाऱ्यांना वगळून केलेला नकाशा पहिल्याच आक्षेपाला कोसळतो. जिथं दोन्ही गावं सरपण नेतात तिथं रेघ मारायची घाई करू नका. तो पट्टा वेगळ्या रंगानं दाखवा आणि दोन्ही समित्यांची एकत्र बैठक घेऊन ठरलेलं लेखी ठेवा. वनहक्क कायद्याचा नियमही तेच सांगतो. वनविभागालाही तारीख कळवा. आले तर बरं, नाही आले तर पत्राची पोच तरी हाताशी राहते.

आता मोबाइल. एसडब्ल्यू मॅप्स, क्यूफील्ड, नोंदीचं कुठलंही ॲप चालेल, भांडू नका. नेटवर्क नसलं तरी जीपीएस चालतो, पण पाठीमागचं उपग्रह चित्र घरूनच उतरवून न्या. आणि बॅटरी सेव्हर बंद करा. हे मी शिकले ते तोंडावर पडून. पहिल्या वर्षी स्क्रीन बंद होताच मोबाइलनं नोंद थांबवली, मला पत्ता नाही. घरी येऊन बघते तर पहाडीला वळसा घालून चाललेली आमची वाट नकाशात सुतासारखी सरळ, पहाडीच्या पोटातून. छापील कागद ग्रामसभेत उघडला, तशी एक आजी वाकली, बोट फिरवत फिरवत थांबली. "बाई, आमचा ठाणा कुठं गेला?" देवाचं ठाणं त्या वळशात होतं. पुन्हा दोन दिवस चालावं लागलं. तेव्हापासून मी दोन मोबाइल नेते, आणि दर खुणेचा आकडा वहीत पेननं लिहिते.

नुसती वाट नोंदवून भागत नाही. वळणावरच्या प्रत्येक खुणेपाशी मिनिटभर उभं राहा, बिंदू घ्या, फोटो काढा. वहीत असं उतरतं: "खूण १४. जुना येन (ऐनाचं झाड), खोडाला खाच. इथून शीव नाल्यानं खाली. पलीकडचे दोघे हजर." वनविभागाचा बुरूज (हद्दीचा खांब) दिसला तर त्याच्यावरचा क्रमांकही टिपा.

घरी आल्यावर क्यूजीआयएस, म्हणजे नकाशे करायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. मोबाइलमधल्या नोंदींची जीपीएक्स फाइल ओढून आत टाका, खुणा जोडून बंद आकृती करा आणि ती ईपीएसजी ३२६४४ मध्ये जतन करा, म्हणजे यूटीएम झोन ४४ उत्तर, अंशांऐवजी मीटरमध्ये मोजणारी पद्धत. गडचिरोलीला हाच. ७८ अंशांच्या पश्चिमेला, मेळघाट-नंदुरबारकडं, झोन ४३ लागतो. हे चुकवून अंशांतच क्षेत्रफळ काढणारे दर वर्षी भेटतात: ८०० हेक्टर अपेक्षित आणि उत्तर ०.०००७! चौरस मीटरमध्ये आलेल्या आकड्याला दहा हजारांनी भागा, हेक्टर झाले. आपली हद्द कक्षांच्या नकाशावर ठेवली की कुठले कक्ष पूर्ण येतात, कुठले अर्धे, ते दिसतं. ते क्रमांक दाव्यात लिहा.

दावा मंजूर झाला की काही जण नकाशा गुंडाळून ठेवतात. मला याचा भारी राग येतो. आमच्याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर हक्क मिळाला. एवढं जंगल राखायचं, बांबू कुठल्या वर्षी कुठं तोडायचा हे ठरवायचं, तर कागद भिंतीवर हवा. आमच्या ग्रामसभा बांबूची कूपं (तोडीचे पट्टे), तेंदूच्या फळ्या (पानं गोळा करायच्या जागा), राखून ठेवलेला भाग आणि जाळरेषा (आग अडवायच्या पट्ट्या) नकाशाच्या वेगवेगळ्या थरांत भरतात. आगीच्या दिवसांत नासाच्या फर्म्स संकेतस्थळावर उपग्रहानं पकडलेल्या आगींचे ठिपके फुकट मिळतात. ठिपका म्हणजे नेमकी जागा नव्हे, सुमारे ३७५ मीटरच्या चौकोनात कुठंतरी. तो आपल्या नकाशावर टाकून पाहिला की आग विझवणाऱ्या कुठल्या टोळीला जवळ पडेल ते फोनवर सांगता येतं. सेंटिनेल-२ या उपग्रहाची चित्रंही फुकट, १० मीटरच्या बारकाईची. त्यावर बोडीचं पाणी महिन्यागणिक आटताना दिसतं, पण मोहाचं एकेक झाड मोजता येत नाही. त्याला चालावंच लागतं.

छापताना मोठा कागद घ्या आणि चारी बाजूंनी वीतभर जागा कोरी सोडा. ग्रामसभेत तो अंथरला की लोक पेन मागतात, नावं दुरुस्त करतात, राहिलेला झरा काढतात. मग तोच कागद लॅपटॉपशेजारी ठेवून दुसरी प्रत करायची.