क्लबासाठी दोन सीटचं ग्लायडर घेताय? या चुका टाळा

जाहिरात उघडली की नजर आधी ग्लाइड रेशोवर जाते, म्हणजे एक किलोमीटर उंचीवरून ग्लायडर किती किलोमीटर पुढे जातं त्यावर. पहिली चूक तिथेच होते. शिकणारा माणूस दिवसभर धावपट्टीभोवती सर्किट मारतो, विंचवरचं, म्हणजे जमिनीवरच्या यंत्राने दोर ओढून केलेलं, एकेक उड्डाण पाच-सात मिनिटांचं. त्याला ३४ काय नि ४० काय, सारखंच. झीज होते ती दिवसातून वीस वेळा जमिनीला टेकणाऱ्या चाकाची. एएसके २१ हे दोन सीटचं जर्मन ग्लायडर पहिल्यांदा उडालं सत्तरच्या दशकाच्या शेवटी, रेशो ३४च्या आसपास. तरी क्लब आजही तेच शोधत असतात, कारण ते शिकाऊ हातांचा मार सोसतं.

सगळ्यात महागात पडते ती वजनाची चूक. याच ग्लायडरचं छापील रिकामं वजन ३६० किलो, कमाल ६००. म्हणजे दोघांना २४० किलो, असं गणित मांडून आपण मोकळे होतो. पण जुन्या ग्लायडरवर दुरुस्त्यांचे, रंगाचे, नव्या उपकरणांचे थर चढलेले असतात. दोन पॅराशूटचे बारा-चौदा किलो वेगळेच. म्हणून अलीकडच्या वजनाचा कागद मागा आणि क्लबातल्या सगळ्यात जाड इन्स्ट्रक्टरला धरून बेरीज करा. पुढच्या सीटला किमान वजनाचीही अट असते, बहुधा ७० किलोची. पन्नास किलोची मुलगी एकटी उडणार असेल, तर पुढे शिसं बसवावं लागतं. ते बसवायची सोय आहे का आणि शिसं सोबत मिळणार आहे का, हे आधीच विचारा.

ओढायचा दोर अडकवायचा हुक बघायला विसरू नका. पुण्यात हडपसरला विंचवर शिकलेल्यांना हे सांगायला नको: विंचला पोटाखालचा हुक लागतो, नुसत्या नाकातल्या हुकावर भागत नाही.

स्पिन, म्हणजे गिरक्या घेत खाली येणं, शिकवायचा असेल तर एएसके २१ दोघं बसल्यावर सहसा स्पिनमध्ये जातच नाही. शेपटीला वजनं लावावी लागतात. पुहाच हे पोलिश ग्लायडर मात्र सहज जातं. तिथे इन्स्ट्रक्टर तयारीचाच हवा.

स्वस्त मिळतंय म्हणून एल-१३ ब्लानिक हे धातूचं जुनं ग्लायडर उचलू नका. २०१० साली ऑस्ट्रियात एकाचा पंख हवेत तुटला. मुख्य स्पारचा, म्हणजे पंखाच्या आतल्या तुळईचा, धातू थकला होता. त्यानंतर ही ग्लायडर जगभर जमिनीवर बसली. फायबरग्लासच्या ग्लायडरमध्येही लॉगबुकातले उड्डाणाचे तास बघाच. अनेकांना ३,००० तासांनी मोठी तपासणी लागते, आणि २,९०० तासांचं ग्लायडर विकायला का काढलंय, हे ओळखणं अवघड नाही. पंखावरून तिरप्या उजेडात हात फिरवा. जेलकोटच्या, म्हणजे वरच्या कडक लेपाच्या, बारीक भेगा नखाला लागतात.

पैसे देण्याआधी क्लबातला सगळ्यात बुटका इन्स्ट्रक्टर मागे बसवा, पट्टे आवळा, कॅनपी (वरचं पारदर्शक झाकण) लावा. एअरब्रेकचा (उतरताना पंखातून वर येणाऱ्या पट्ट्यांचा) दांडा त्याला पूर्ण मागेपर्यंत ओढता येतोय का? पुढच्याच्या डोक्यावरून धावपट्टी दिसतेय का? मग उंच माणूस बसवून तेच पुन्हा करा.